मांजरीने सायीच्या डब्याला तोंड लावलं, तूप कढवू की टाकून देऊ??

सायखाऊची_आई:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमच्याकडे रोज एक लिटर म्हशीचं दूध येतं, आठ दिवसांची साय फ्रिजमध्ये साठवते आणि रविवारी विरजण लावून लोणी काढते. आज सकाळी डबा बाहेर काढला, झाकण उघडं ठेवून विरजणासाठी वाटीभर दही आणायला खाली गेले, पाच मिनिटांत वर आले तर चिंगी (आमची मांजर, दोन वर्षांची) ओट्यावर, तोंड डब्यात आणि मिशांना साय. एका कडेची चाटली आहे, बाकी डबा तसाच. नवरा म्हणतो वरचा थर काढून टाक आणि गप्प बस, कुणाला सांगूच नकोस. पण सासूबाई आल्यात गावाहून आणि नणंद पाचव्या महिन्यात आहे, तीही आहे इथेच. मांजरीमुळे गरोदर बायकांना काहीतरी इन्फेक्शन होतं असं ऐकलंय म्हणून जीव घाबरलाय. आठ दिवसांची साय टाकवत पण नाहीये हो. काय करू?

बोक्या_भाऊ:
आधी चिंगीचं पोट बघा, मोठ्या मांजरांना बऱ्याचदा दूध पचत नाही, संध्याकाळी जुलाब सुरू झाले की कळेल साय कितीला पडली 😂
बाकी आमच्याकडे मांजर चाटेल तेवढा भाग काढायचा आणि उरलेलं खायचं, मी पंचेचाळीस वर्षांचा धडधाकट आहे. शिंकाळी काय शोभेला टांगायचे का लोक पूर्वी.

तुळस_आणि_मीठ:
माझ्या मते टाकाच. मांजर पाळलेलं असलं तरी उंदीर, पाल, झुरळ काय काय तोंडात घेतं आणि त्याच जिभेने स्वतःला सगळीकडे चाटतं, सगळीकडे म्हणजे सगळीकडे. उष्टं ते उष्टं. आणि कृपया कुणी ते नामदेवांचं उदाहरण देऊ नका, कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले हे खरंच मोठं, पण ती पोळी परत आणून स्वतः खाल्ली असं कुठे ऐकलंय का?

खाडीवाला:
आमच्यात मांजराचं उष्टं नापाक धरत नाहीत, हदीस आहे त्यावर, मांजर म्हणजे घरात तुमच्या अवतीभवती फिरणाऱ्यांपैकीच एक. कुत्र्याची गोष्ट मात्र वेगळी, त्याने भांड्यात तोंड घातलं तर भांडं सात वेळा धुवायचं. तरी माझी आई बोक्याने ओढलेला सुरमईचा तुकडा कुणाला वाढत नाही, तो त्यालाच देते. धर्म वेगळा आणि किळस वेगळी.

गोठा_ते_क्लिनिक:
जनावरांची डॉक्टर आहे म्हणून थोडं लांबलचक लिहिते, कारण अर्धी भीती चुकीच्या जागी आहे. तुम्ही ज्याबद्दल ऐकलंय ते टोक्सोप्लाझ्मा. ते मांजरीच्या लाळेतून नाही, विष्ठेतून पसरतं. त्यातही मांजर साधारणपणे पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडेच ते बाहेर टाकते आणि बाहेर पडल्यावर ते संसर्ग करण्याजोगं व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणून नणंदेने मांजरीच्या शी-शूचा ट्रे साफ करायचा नाही, तो तुम्ही रोजच्या रोज साफ करा, पालेभाजी नीट धुवा आणि मटण अर्धकच्चं खाऊ देऊ नका. सायीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.
रेबीज चावल्याने, ओरखड्याने किंवा उघड्या जखमेवर, डोळ्या-तोंडात लाळ गेल्याने होतो. उकळलेल्या अन्नातून होत नाही. चिंगीची लस झालेली असली म्हणजे मग विषयच संपला.
लाळेत बाकी जंतू असतातच, ते उष्णतेने मरतात. तूप कढवताना पाणी उडून गेलं की तापमान शंभराच्या वर जातं, त्यात ते टिकत नाहीत. पण मधला टप्पा विसरू नका. विरजण लावून ती साय रात्रभर बाहेर राहणार, जंतूंना वाढायला तेवढं पुरतं, आणि काही जंतू अन्नात जे विष सोडतात ते नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. त्यामुळे चाटलेला भाग आजूबाजूचा दोन बोटं जास्त धरून काढा आणि विरजण न लावता उरलेली साय आत्ताच थेट कढवा. थोडी जास्त बेरी निघेल, चव वेगळी लागेल, बास. त्यातलं कच्चं लोणी किंवा ताक कुणालाही देऊ नका, नणंदेला तर अजिबात नाही. तिच्यासाठी तूपही दुसरं ठेवलंत तर तुमचीच धाकधूक कमी होईल. हेच कोशिंबीर, श्रीखंड, कापलेलं फळ असं न उकळता खायचं काही असतं तर मी सरळ टाका म्हणाले असते. आणि जंताचं औषध वेळच्या वेळी देताय ना?

तुळस_आणि_मीठ:
डॉक्टर, मान्य, पण मग पाहुण्यांना न सांगता वाढायचं का? जंतू मरतात हो, पण समोरच्याला चालणार आहे की नाही हे त्यालाच ठरवू दे ना. मला कुणी नंतर सांगितलं असतं तर मी त्या घरी पुन्हा जेवले नसते.

गोठा_ते_क्लिनिक:
त्याला औषध नाही 🙂 सांगूनच वाढा.

बोक्या_भाऊ:
न सांगता वाढणारे नवरे गप्पच बसलेत बघा.

सायखाऊची_आई:
अपडेट देते. लस आणि जंताचं औषध दोन्ही झालंय, फाईल बघितली. चाटलेला भाग काढला, उरलेली तशीच कढवली, तूप झालं पण दाणेदार नाही आलं नेहमीसारखं आणि घरभर वास. नवऱ्याचं न ऐकता सासूबाईंना सांगून टाकलं, म्हटलं बोलणी खायची तयारी ठेवू. त्या बरणी हातात घेऊन वास घेत म्हणाल्या, कढवलंयस ना मग खाऊ की आपण, पोरीला मात्र माझ्या डब्यातलं गावचं दे. आणि हे देवाच्या निरांजनात घालू नकोस हां, त्याला विकतचं आण. आता बरणीवर चिंगीचं तूप अशी चिठ्ठी लावलीये. आणि हो बोक्या भाऊ, जुलाब झाले तिला, बाल्कनीत.