बारमाही वस्ती: निवृत्तीनंतर घर कुठे घेतलंत? अनुभव सांगा

जिल्हा परिषदेच्या शाळेतून 58 व्या वर्षी निवृत्त झालो. नोकरीभर बदल्या झाल्या, भाड्याच्या घरात राहिलो. आता जळगावात कायमचं घर घ्यायचं आहे. डिसेंबरात एक कॉलनी पाहिली. रुंद रस्ते, ओपन स्पेसमध्ये दत्ताचं मंदिर, घराघरापुढे कडुनिंब. बयाणा द्यायचा जवळपास ठरलाच होता. मे महिन्यात सहज पुन्हा गेलो, रात्री आठला. आमच्या होऊ घातलेल्या गल्लीत 22 घरं, आणि दिवे लागलेली फक्त 6. बाकीची मंडळी ऊन टाळायला पुण्याला, नाशिकला मुलांकडे. पंचेचाळीस अंशांत कोण राहील, हे मलाही कळतं. पण आम्ही तर राहणार आहोत! आम्हाला मुलगी एकच, तिच्या दोन खोल्यांच्या घरात दोन महिने राहणं जमणार नाही.

म्हणून विचारतो. बारमाही माणसं राहतात अशी वस्ती तुम्ही कशी ओळखलीत? फसलात तर तेही लिहा, आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग होईल.

धुळे, गृहिणी, वय 67

सर, आम्ही फसलो, म्हणून आधी मीच लिहिते. शहराबाहेर रो-हाउस घेतलं. घर सुंदर होतं, पुढे जास्वंद, मागे गिलक्याचा वेल. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर शेजारचे दोघेही मुलांकडे गेले, समोरच्या घराला आधीपासूनच कुलूप. जानेवारीत पहाटे तीनला यांच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका बोलावली, तीही वेळेवर निघाली. पण आमच्या गल्लीचं वळण तिला सापडेना. कोपऱ्यावर उभं राहून हात करायला एक माणूस नव्हता. यांना सोडून मीच अनवाणी कोपऱ्यापर्यंत पळाले. ती पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

हे वाचले, देवाची कृपा. सहा महिन्यांत ते घर विकलं, तोट्यात विकलं. आता देवपुरात जुन्या चाळवजा इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. खाली किराणा, शेजारी शिंपी, समोर पिठाची गिरणी. दुपारी झोप नीट लागत नाही इतका आवाज असतो. पण सकाळी दार उघडायला उशीर झाला की शिंप्याची बायको खालून हाक मारते, "माय, बठ्ठं बरं शे ना?" मला तेवढं पुरतं.

भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी

आमचं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं, तेव्हा बरेच जण गावी परतले. मी परतलो नाही. रेल्वेचा दवाखाना इथे आहे, निवृत्तांना तिथे उपचार मिळतात, त्यामुळे माझ्या पिढीचे पुष्कळ लोक याच भागात घरं बांधून राहिले. पहाटे साडेपाचला आम्ही अकरा जण फिरायला निघतो. एखादा आला नाही तर परतताना त्याच्या दारावर थाप मारायची, हा नियम. गेल्या पावसाळ्यात एक जण बाथरूममध्ये पडलेले याच थापेमुळे सापडले.

रावेर तालुका, शेतकरी कुटुंब

बारमाही हा शब्द आमच्याकडे आधी पाण्याला लागतो. केळीला वर्षभर पाणी द्यावं लागतं, वर्षभर माणूस लागतो, म्हणून केळीच्या पट्ट्यातली गावं रिकामी होत नाहीत. चाळीसगावकडची कोरडवाहू गावं पाहा, दसरा झाला की ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात, मागे म्हातारी माणसं उरतात. तेव्हा गावात राहायचं असेल तर गावाचं पीक पाहा, सर. माझे वडील 76 वर्षांचे आहेत, औषधं आणायला एसटीने तालुक्याला जातात. पंच्याहत्तरीपुढे तिकीट नाही, पासष्टीपासून अर्धं. बसमध्ये दहा ओळखीचे भेटतात, "काय चाली राह्यनं, जिभाऊ?" एवढ्यावर त्यांचा दिवस जातो.

अमळनेर तालुका

एक सावधगिरी. कानबाई देवीच्या उत्सवाच्या दिवसांत गाव पाहायला जाऊ नका. श्रावणातल्या त्या रविवारी भाऊबंद सुरतेहून, पुण्याहून येतात, रोटाचा स्वयंपाक होतो, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. आम्ही तेव्हाच आमचं जुनं घर दुरुस्त करून राहायचं ठरवलं. सोमवारी विसर्जन झालं आणि आठवडाभरात गल्लीतल्या 14 घरांपैकी 9 घरांना कुलपं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही तेच. लेकी येतात, झोके बांधतात, आणि परत जातात.

पुण्याहून, आईवडील शहाद्यात

मी आईवडिलांसाठी घर बघताना कॉलेजजवळची गल्ली मुद्दाम निवडली. भाड्याने राहणारी पोरं दंगा करतात, हे खरं. पण गॅसची टाकी तीच वर चढवतात, आणि बाबांच्या मोबाइलवरून नोव्हेंबरचा हयातीचा दाखलाही त्यांनीच भरून दिला. सुट्टीत मात्र तो भागही ओस पडतो.

जळगाव, वय 70

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. वर्षातले पाच महिने कुलूप लावून जाणारा मीच. मुलगा अमेरिकेत, नातवंडं तिथे, जीव तिकडे ओढतो. वरचा अनुभव वाचून ताईंची ती पहाट डोळ्यांसमोर आली आणि अपराधी वाटलं. या वेळी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली, वरची खोली एका नर्सबाईंना राहायला दिली. भाडं नाममात्र. रात्री गल्लीत एक दिवा जास्त लागतो.

जळगाव, दूध डेअरीवाला

मी वयाने लहान आहे, पण सर, घर घेण्याआधी त्या भागात दूध टाकणाऱ्याला विचारा. रतीब कोणाकडे बारा महिने चालू आणि कोणाकडे "पुढचे तीन महिने बंद", हे त्याच्या वहीत असतं. नळाचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्यालाही विचारा. पाणी दिवसाआड आलं की त्या वेळी मोटार कोणत्या घरात चालू होते ते त्याला पाठ असतं.

धागा सुरू करणारा

सगळं दोनदा वाचलं, हिलाही वाचून दाखवलं. ताईंचं वाचताना ती मध्येच उठून आत गेली. त्या कॉलनीचा बयाणा देत नाही, आज फोन करून कळवलं. शनिवारी पहाटे साडेपाचला गावातल्याच एका जुन्या पेठेत जातोय, तिथल्या दूधवाल्याला गाठायला. तिथलं कुणी वाचत असेल तर गल्लीत रात्री आठला किती दिवे लागतात, तेवढं आधी लिहा.