नुसत्या वाढ्यावर म्हैस, दूध उतरलंय

मोहोळचा गवळी: साखर कारखाने चालू झाल्यापासून गोठ्यात वाढंच वाढं (उसाचे हिरवे शेंडे). पंढरपुरी म्हैस, दुसरं वेत. पोट टिच्च भरतं, पण दूध उतरलं आणि सारखी गव्हाणीची भिंत चाटते. काय करू?

मंगळवेढा ज्वारीवाला: भिंत चाटते म्हणजे खनिजं कमी पडतायत भाऊ. वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला धरून बसतं, मग ते अंगी लागत नाही, शेणावाटे जातं. कोठीपोटातले (म्हशीच्या पहिल्या मोठ्या पोटातले) जिवाणू थोडं ऑक्झलेट फोडतात, पण त्यांना सवय व्हायला वेळ लागतो. तुम्ही एकदम सगळंच बदललंत. वाढ्याची कुट्टी करून वर चुन्याची निवळी शिंपडा (वरचं नितळ पाणी, खालचा गाळ नको). सोबत मालदांडी ज्वारीचा कडबा आणि खनिज मिश्रण. नुसतं वाढं फुकट मिळतं म्हणून घालायचं, हा हिशोब दुधात फिटत नाही.

मोहोळचा गवळी: कडब्याचा भाव ऐकलाय का? गव्हाचं काड आहे घरी, त्यावर युरिया मारू?

मंगळवेढा ज्वारीवाला: चालेल, पण मापात. १०० किलो काडाला ४ किलो युरिया, पाण्यात पूर्ण विरघळवून, थर लावत शिंपडायचा, तुडवून प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद. २१ दिवसांनी उघडा. अमोनियाने काड मऊ पडतं, पचतंही जास्त. वास उडाला की मगच घाला. सहा महिन्यांखालच्या रेडकाला अजिबात नको. आणि युरियाचं पोतं गोठ्यात ठेवू नका, म्हशीने तोंड घातलं तर जीव जातो.

माढ्याहून: आधी डॉक्टरला दाखवा की, जंताचं औषध कधी दिलंय?