गुरुवारनंतर काय शिजवता? (अनुभव धागा)

चार वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे महिन्याचं वाणसामान एकदम भरायची पद्धत होती. पाच तारखेला यादी द्यायची, सहा तारखेला दुकानातला पोऱ्या खोकी घेऊन दारात. मग नवऱ्याचं काम बदललं. आता पैसे शनिवारी संध्याकाळी हातात येतात, कधी पूर्ण, कधी कमी. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई, आठवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी. दूध, गॅस आणि दळण बाजूला काढलं की खाण्यापिण्याला आठवड्याचे 1,500 रुपये उरतात.

शनिवार-रविवार राजासारखे जातात. मंगळवारपर्यंत बरं चालतं. बुधवारी फ्रीज उघडला की अर्धं गाजर आणि वाळलेलं आलं. तिथून पुढे शनिवारच्या संध्याकाळपर्यंत पिठलं, झुणका, पुन्हा पिठलं. परवा मुलाने दप्तर टाकताटाकता विचारलं, "आज कुठलं पिठलं?" सासूबाई हसल्या, मीही हसले, पण लागलं.

सोमवारी राजमा, मंगळवारी पनीर अशा छापाचे तक्ते मला नकोत. तुमच्या घरात खरोखर काय चालतं ते सांगा. फसलेलं असेल तर तेही सांगा.

*

इचलकरंजी. मालक यंत्रमागावर, आता मुलगाही.

लग्न होऊन आले तेव्हापासून आमचा पगार आठवड्याचाच. महिन्याची यादी हा प्रकार मी शेजारच्या मास्तरांच्या घरात बघितला.

ताई, तुम्ही दर शनिवारी सगळंच थोडं थोडं आणत असणार. पाव किलो डाळ, पाव किलो साखर, तेलाची अर्ध्या लिटरची पिशवी. सुटं घेतलं की महाग पडतं. आणि सगळं एकाच दिवशी घेतलं की संपतंयही एकाच दिवशी. तुमचा तो बुधवार तिथनं येतोय.

आमच्याकडं पाळी असते. एका आठवड्याला तेल, महिनाभराचं. त्या आठवड्याला डाळीच्या पोत्याकडं बघायचंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्याला तूर, मसूर, हरभऱ्याची डाळ. तिसऱ्याला ज्वारी आणि गहू. चौथ्याला साखर, चहा, शेंगदाणे, साबण. भाजीचे पैसे दर आठवड्याला निराळे बांधून ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही.

पहिला महिना जड जातो, खोटं कशाला सांगू. पाळी बसेपर्यंत काही ना काही नसतंच. आम्ही तेव्हा तेलाबिगर तीन दिवस काढले. आंबील, दही-भाकरी आणि उकडलेल्या शेंगा. पण एकदा चक्र फिरलं की शुक्रवारीसुद्धा डब्यात डाळ असते.

ज्या महिन्यात पाच शनिवार पडतात, तो पाचवा आमचा बोनस. त्यात चटणीच्या मिरच्या, नाहीतर मटण.

*

(धागा काढणारी) काकू, कॅलेंडर काढून आधी पाच शनिवारांचा महिना शोधला.

*

नागपूर. खाजगी कंपनीत हिशेबनीस.

बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि चार महिने स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. मी आकड्यांचा माणूस. एक्सेलमध्ये चौदा जेवणांचा तक्ता केला, प्रत्येक पदार्थाची किंमत, माणशी खर्च, खाली बेरीज. छापून फ्रीजवर लावला. बायको पलंगावरून म्हणाली, "छान दिसतोय."

सोमवार रात्र: भरली वांगी. सोमवारी मी आठला घरी आलो. वांगी भरायला कोण? वडापाव आणले, चौघांचे 80 रुपये. वांगी बुधवारी मऊ पडली. गुरुवारी मोड आलेल्या मटकीची उसळ लिहिली होती, पण मटकी मंगळवारी भिजवायची असते हे तक्त्यात कुठेच नव्हतं. त्या पहिल्या आठवड्यात बजेटच्या 430 रुपये वर गेलो.

सगळ्यात महागडी चूक सांबाराची. 20 रुपयांत तीन जुड्या मिळाल्या, सांबारवडी करू म्हणून घेतल्या, पाणी मारलेल्या तशाच ओल्या पिशवीत कोंबल्या. दोन दिवसांत चिखल.

दुसऱ्या महिन्यात तक्ता फाडला आणि फक्त एवढं ठरवलं की कोणत्या दिवशी मी किती थकलेला असतो. रविवार आणि बुधवार हातात वेळ असतो, त्या दिवशी उसळ, पातोडीचा रस्सा, जे काही निगुतीचं असेल ते. सोमवारी आणि शुक्रवारी एकाच भांड्यात होणारं: वरणफळं किंवा मसालेभात. रात्री झोपायच्या आधी एक वाटी कडधान्य भिजत टाकायचं, कोणतं ते दुसऱ्या दिवशी ठरेल. ते भिजलेलं असलं की माणूस बाहेरचं आणत नाही, वाया जाईल या भीतीने. खर्च आटोक्यात आला तो या वाटीमुळे. बायको उभी राहिल्यावर तिने सगळी व्यवस्था बदलली, वाटी तेवढी ठेवली.

*

पनवेल. सांबाराच्या जुड्या?

(धागा काढणारी) नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आणि दादा, कोथिंबीर धुवायची नाही. निवडून, कोरडी करून, कागदात गुंडाळून डब्यात. आठ दिवस टिकते.

*

डोंबिवली. शाळेतून निवृत्त.

2015 च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली होती, आठवत असेल. आमच्या घरात वरण म्हणजे तूर, मूग म्हणजे आजारपण आणि मसूर म्हणजे "आपल्यात करत नाहीत". मी गुपचूप निम्मी तूर, निम्मी मसूर शिजवायला लागले. हळद किंचित जास्त, वरून तूप नेहमीइतकंच, कारण नजर तिकडे जाते. सासऱ्यांना तीन महिने पत्ता लागला नाही. लागला तेव्हा म्हणाले, तरीच हल्ली दुपारी जड वाटत नाही.

भाव उतरले, मिश्रण राहिलं. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेले तेव्हा आमसूल आणि चिंच पुन्हा बाहेर आली, त्याआधी मी जणू विसरूनच गेले होते की आमटी टोमॅटोशिवाय होते.

*

कुडाळ, सिंधुदुर्ग.

पिठलं पिठलं काय करता, कुळथाची पिठी करा. अर्धी वाटी पिठात पाच माणसं जेवतात. पीठ गार पाण्यात कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही. ठेचलेली लसूण आणि मिरची तेलात चांगली तांबूस करायची, त्यात कालवलेलं पीठ, दोन आमसुलं, मीठ. उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर तळाला धरते. गरम भात, पिठी आणि बाजूला चुलीवर भाजलेला सुका बांगडा. हे आम्ही पैसे संपले म्हणून खात नाही हां. पाहुणा चार दिवस मासे खाऊन कंटाळला की तोच मागतो.

आमचा तुमच्यासारखा गुरुवार नसतो, आमचे जून-जुलै असतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, ताजी मासळी कमी आणि महाग. म्हणून मे महिन्यातच जवळा, बोंबील, बांगडे कडक वाळवून डब्यात. पेडण्याला माझी मावशी असते, तिकडे गोव्यात या पावसाळ्याच्या बेगमीला पुरुमेंत म्हणतात: सुकी मासळी, खारवलेली कैरी, आमसुलं, मिरच्या, उकडा तांदूळ. मावशी म्हणते, पुरुमेंत भरलं की मग पाऊस कितीही पडूं दे.

*

बार्शी, सोलापूर जिल्हा.

कुडाळकर, तुमचं कुळीथ ते आमचं हुलगं. आम्ही त्याचे शेंगोळे करतो. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, मीठ. घट्ट मळून हातावर वळ्या वळायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. वरून शेंगाचा कूट. भाकरी नाही केली तरी चालतं, कालवण आणि जेवण एकाच पातेल्यात. हिवाळ्यात करा, उन्हाळ्यात हुलगं गरम पडतं म्हणतात.

आमचं कार्ड केशरी, प्राधान्य कुटुंबातलं. माणशी 5 किलो धान्य येतं, जानेवारी 2023 पासून फुकट. चौघांचं 20 किलो. गहू-तांदळाचा प्रश्न त्यामुळं बराच सुटतो, पण डाळ, तेल, भाजी रोख. तांदूळ घरात पडतो जास्त आणि आम्ही भाकरी खाणारी माणसं. मग त्या तांदळाची घावनं, ताकातली आंबट कणी, कधी उडीद घालून इडली. पोरांना इडली म्हणजे हॉटेल.

एक फसलेलं. आठवडी बाजार उठता उठता गेलं की वाटे स्वस्त लागतात, हे खरं. मी एकदा 30 रुपयांत पाच किलो टोमॅटो आणले. तिसऱ्या दिवशी घरभर वास. आता उतरत्या बाजारात पालेभाजी घेते, ती रात्रीच निवडून परतायची. टिकायच्या भाज्या, म्हणजे कोबी, भोपळा, गवार, दोडका, या सकाळी, बघून, चार पैसे जास्त देऊन. दोडक्याच्या शिरा टाकू नका, तीळ आणि मिरची घालून तव्यावर चटणी. पण हे तुम्हाला माहीतच असणार.

*

गावाचं नाव लिहीत नाही.

शिरांची चटणी, देठांची भाजी, सगळं वाचलं. मीही करते. पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते.

आमच्या घरात काटकसर आईच्या ताटातून व्हायची. भाजी कमी असली की ती म्हणायची, मला भूकच नाही, चटणी-भाकरी बास. अंडी चार आणि माणसं पाच असली की पाचवी कोण ते विचारायची गरज नसायची. मी लग्नानंतर तेच करायला लागले, कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. तपासणीत हिमोग्लोबिन 7.6. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, काल दिवसभरात काय काय खाल्लं? मी सांगायला लागले आणि मध्येच थांबले. सांगण्यासारखं फार नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे अंडी माणसं मोजून येतात. पाच माणसं, आठवड्यातून दोनदा, दहा अंडी. नऊच परवडत असतील तर पाच आणायची, एकदाच करायची, पण सगळ्यांना. भाजी पातेल्यातून थेट वाढत नाही, आधी पाच वाट्या भरते, माझी धरून. पहिल्या दिवशी नवऱ्याने स्वतःची वाटी माझ्याकडे सरकवली. मी परत सरकवली. त्याचीही भूक खरीच आहे.

सासूबाईंना हे वाट्यांचं खानावळीसारखं वाटलं. वर्षभराने त्यांनीच त्यांच्या मुलीला फोनवर सांगितलं की तूही असंच कर.

*

पुणे, एमपीएससीची तयारी.

आम्ही तिघे एका खोलीत. मेस बंद केली कारण महिन्याचे पैसे आगाऊ भरावे लागतात आणि गावाला गेलं तरी वजावट नाही. एक इंडक्शन, एक कुकर. दुपारी जमेल तेव्हा शिवभोजन: 10 रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. लवकर पोचलं तर, कारण थाळ्यांचा आकडा ठरलेला असतो. रात्री खिचडी. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी दोन महिने पुरवायची होती, तीन मित्रांत नऊ दिवस पुरली.

*

लेस्टर, इंग्लंड.

इथे चौघांना आठवड्याला 50 पौंडांत बसवते. लाल मसूर सुपरमार्केटात स्वस्त, कणीक देशी दुकानातून 10 किलोची. संध्याकाळी उशिरा गेलं की त्या दिवशी संपणाऱ्या वस्तूंवर पिवळी चिकटपट्टी लागते, किंमत निम्म्याखाली. ब्रेड, मशरूम, पालक. पण बार्शीच्या ताईंचं वाचून हसू आलं, मीही पिवळ्या पट्टीच्या मोहात पडून मशरूमचे चार डबे आणलेत आणि फेकलेत. बाकी इथल्या मुलांना वरण-भात आवडतो की नाही, हा वेगळा धागा होईल.

*

(धागा काढणारी) सहा आठवड्यांनी

सगळं वाचून पाळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात साखर संपली आणि सासूबाई दोन दिवस बिनसाखरेचा चहा प्यायल्या. म्हणजे प्यायल्या नाहीतच, कप हातात धरून बसून राहिल्या. शेवटी शेजारून वाटीभर आणली. इचलकरंजीच्या काकूंनी सांगितलं होतंच, तरी जड गेलं. आता साखर-चहाची पाळी पहिली लावली आहे, तेल दुसरं.

बुधवारी फ्रीज अजूनही रिकामाच असतो, पण डबे नसतात. गुरुवारी पिठी केली. मुलाने वाटीत बघून विचारलं, "पिठलं पातळ झालंय का?" मग दोनदा भात घेतला. शेंगोळे माझ्या हातून फुटले, त्याचं आपोआप माडगं झालं, ते मुलीला आवडलं.

आणि अंडी. मी आमची मोजून बघितली. चार आणत होते.

बार्शीच्या ताई, शेंगोळ्यांना ज्वारीचं पीठ किती घ्यायचं तेवढं कळवा.

*

बार्शी. हुलगं दोन वाट्या असेल तर ज्वारी अर्धी. पाणी गरम घेऊन मळा, म्हणजे फुटत नाहीत.