व्हीआर६ म्हणजे नक्की व्ही६ की इनलाइन (सगळे सिलेंडर एका ओळीत)? आणि २.८ ते ३.६ सगळी एकच फॅमिली का?

चौथा_गिअर
मंडळी, सध्या फोक्सवॅगनच्या व्हीआर६ इंजिनाबद्दल वाचतोय आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय. १५ अंशाचा व्ही म्हणतात आणि सिलेंडर हेड (सिलेंडरवरचं व्हॉल्व्हवालं झाकण) मात्र एकच, हे कसं जमतं? व्ही म्हटलं की दोन हेड आलेच ना. बरं गोल्फ मार्क ४ च्या मागे नुसतं 'व्ही६' लिहिलंय, त्याच काळातल्या पसाटच्या मागेही 'व्ही६', दोन्ही २.८ लिटर, पण पॉवर वेगळी आणि व्हॉल्व्ह पण वेगळे. एकच इंजिन आहे का हे? आणि २.८, २.९, ३.२, ३.६ असं जे वाढत गेलं त्यात नुसता बोअर (सिलेंडरचा व्यास) मोठा केलाय की आतूनही काही बदललं? कृपया लिंका टाकू नका, लिंका वाचूनच इथे आलोय.

पाना_१३
आधी हेडचं बघू. नेहमीचं ६० किंवा ९० अंशाचं व्ही६ गोल्फएवढ्या गाडीत आडवं बसवायला गेलं की रुंदीच नडते, मागच्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड थेट फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) टेकतो. इनलाइन सिक्स घ्यावं तर ते इतकं लांब की शेजारी गिअरबॉक्सला जागाच उरत नाही. मग फोक्सवॅगनने तीन-तीन सिलेंडरच्या दोन रांगा फक्त १५ अंशावर ठेवल्या आणि एकमेकींत अशा घुसवल्या की सहाही सिलेंडरवर मिळून एकच हेड बसतं. मुळात अरुंद व्हीची आयडिया जुनी आहे, लान्चियाने १९२२ च्या लॅम्ब्डामध्ये असंच व्ही४ दिलं होतं. फोक्सवॅगनचं सहा सिलेंडरवालं १९९१ मध्ये पसाट आणि कोराडोत आलं.

हेड काढलेलं कधी बघायला मिळालं तर नीट बघा. ब्लॉकचा वरचा भाग सपाट आहे पण सिलेंडर त्यात तिरके शिरलेत, म्हणून वरून बोअर किंचित लंबगोल दिसतो आणि पिस्टनचा माथा एका बाजूला उतरता असतो. साध्या पिस्टनच्या सवयीने कुठल्याही दिशेने ठोकला तर चालणार नाही. क्रँकपिन (क्रँकशाफ्टवर कनेक्टिंग रॉड जोडायच्या जागा) आपापसात २२ अंशांनी सरकवलेत त्यामुळे बरोब्बर दर १२० अंशाला एक सिलेंडर फायर होतो, ऑर्डर १-५-३-६-२-४, म्हणजे चक्क इनलाइन सिक्सचीच. बॅलन्स शाफ्ट नाही, तरी इंजिन गुळगुळीत चालतं ते त्यामुळे.

कोल्डस्टार्ट
वरचं सगळं बरोबर, पण या एका हेडची किंमत कुठे मोजावी लागली ते पण सांगायला हवं. हवा सगळी एका बाजूने आत आणि एक्झॉस्ट सगळा दुसऱ्या बाजूने बाहेर, त्यामुळे एका रांगेचे इनटेक पोर्ट आखूड आणि दुसऱ्या रांगेचे लांब, एक्झॉस्टला बरोबर उलटं. पुढचे बरेचसे बदल हे याच दुखण्यावरचे उपाय आहेत असं माझं मत.

पहिलं १२ व्हॉल्व्ह २.८ (२७९२ सीसी, १७४ पीएस, पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) मध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) दोन, पण आताच्या डीओएचसीसारखे (इनटेकला एक, एक्झॉस्टला एक) नाहीत, प्रत्येक कॅम आपापल्या रांगेचे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह उघडतो. युरोपातल्या कोराडोला बोअर १ मिमीने वाढवून २.९ दिलं, १९० पीएस, अमेरिकेतल्या कोराडोला मात्र २.८ च. खरा बदल झाला २४ व्हॉल्व्हला. तिथे एक कॅम सगळ्या इनटेकचा आणि एक सगळ्या एक्झॉस्टचा झाला, म्हणून व्हेरिएबल टायमिंग करता आलं आणि २.८ मधूनच २०४ पीएस निघाले. मग ३.२, बोअर ८४ आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ९५.९ मिमी, म्हणजे दोन्ही वाढवलेत, नुसता बोअर नाही. गोल्फ आर३२ ला २४१ आणि ऑडी टीटीला २५० पीएस. पोर्शेच्या पहिल्या कायेनचं सगळ्यात खालचं मॉडेल पण ३.२ व्हीआर६ वरच होतं, हे पोर्शेवाल्या मित्राला सांगून बघा, तोंड बघण्यासारखं होतं.

३.६ वेगळं प्रकरण आहे. तिथे अंशच बदलला, १५ चा १०.६ केला आणि डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये) आणलं. बोअर थेट ८९ मिमी. पसाट आर३६ मध्ये ३०० पीएस.

रेडलाइन_७०००
बॅजचा घोळ असा आहे की गोल्फ ४ चं 'व्ही६' हे व्हीआर६ च आहे, बाहेर लिहायचं नाव बदललं फक्त. पण त्या काळच्या पसाटचं २.८ व्ही६ हे ऑडीचं ९० अंशाचं, दोन हेडचं, ३० व्हॉल्व्हचं इंजिन, आणि ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं. नात्याचं काही नाही. पुढे तर अजून मजा, पसाट ३.२ एफएसआय (डायरेक्ट इंजेक्शनवालं) म्हणजे १०.६ अंशाचं व्हीआर६ आणि ऑडी ए६ ३.२ एफएसआय म्हणजे ९० अंशाचं व्ही६, नाव तेच. पार्ट मागवताना इंजिन कोड बघूनच मागवा, बॅजवर जाल तर फसाल.

आणि व्हीआर५ विसरलात सगळे. एक सिलेंडर कमी, २.३ लिटर, आधी १५० आणि मग २० व्हॉल्व्हला १७० पीएस. आवाज भारी, बाकी मला तरी त्याचं प्रयोजन कधी कळलं नाही.

चौथा_गिअर
जबरदस्त, आत्ता डोक्यात उजेड पडला. म्हणजे बुगाटीचं डब्ल्यू१६ पण याच घराण्यातलं का? आणि जुनं १२ व्हॉल्व्ह कोणी घ्यायचं म्हटलं तर बघायचं काय?

पाना_१३
हो, दोन अरुंद व्ही एका क्रँकवर जोडले की डब्ल्यू. पसाट डब्ल्यू८, बेंटली कॉन्टिनेंटल जीटीचं डब्ल्यू१२, व्हेरॉनचं आठ लिटरचं डब्ल्यू१६, सगळ्यांत हीच १५ अंशाची जोडी आहे. डब्ल्यू१२ मध्ये दोन्ही व्हींमध्ये ७२ अंश, डब्ल्यू१६ मध्ये ९०.

१२ व्हॉल्व्हला पहिली गोष्ट म्हणजे टायमिंग चेन. ती गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे चेनला वाट देणाऱ्या पट्ट्या आणि ती ताणून धरणारा टेन्शनर बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, पार्टपेक्षा मजुरीच जास्त होते. इंजिन गार असताना स्टार्ट करून बॉनेट उघडून गिअरबॉक्सकडच्या टोकाला कान द्या, खडखड येऊन थांबत नसेल तर तो खर्च धरूनच भाव करा. दुसरं म्हणजे थर्मोस्टॅट हाउसिंग आणि त्याला जोडलेला कूलंटचा प्लास्टिक पाइप, उष्णतेने कडक होऊन तडकतो. आणि कॉइल पॅकवाल्या (सगळ्या स्पार्क प्लगांना वीज देणारा एकच डबा) इंजिनमध्ये पॅकला बारीक चिरा असतात, दिवसा दिसत नाहीत, अंधारात चालू इंजिनवर पाण्याचा हलका फवारा मारला की ठिणग्या पळताना दिसतात. हात लांब ठेवा मात्र.

कोल्डस्टार्ट
चेन मागे, गिअरबॉक्सकडे, हे ३.६ ला पण लागू आहे, नवीन आहे म्हणून सुटका नाही. वर डायरेक्ट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, कार्बन साचतो, ते साफ करायचं काम वेगळंच.