इम्पल्सचा कार्ब, ई२० आणि स्पिती: जेटिंगसाठी मदत हवी आहे

लालमाती
नमस्कार मंडळी. गाडी हीरो इम्पल्स, २०१२चं मॉडेल, सेकंडहँड. कार्ब (कार्बुरेटर, हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) सीव्ही, म्हणजे रबरी पडद्याचा, डायफ्रामवाला. आधीच्या मालकाने फ्री-फ्लो सायलेन्सर बसवलाय आणि एअर बॉक्स (हवेच्या फिल्टरची पेटी) काढून उघडा कोन फिल्टर लावलाय. ओरिजिनल बॉक्स गोणीत भरून सोबत दिला, तेवढं बरं केलं. कार्बमध्ये काय उद्योग केले ते मात्र त्याला धड सांगता येत नाही. "नंबर वाढवलाय" एवढंच.

सकाळी चोक ओढूनच गाडी उठते, आणि चोक लवकर सोडला की बसते. गावात पहिल्या-दुसऱ्यात काही तक्रार नाही. खरा त्रास नाशिकबाहेर पडलं की. चौथ्या-पाचव्यात ५५-६० ला थ्रॉटल एका जागी धरला की हुचके सुरू. रेस दिली की हुचके जातात. पूर्ण पिळला तर ८० पर्यंत बरी ओढते, पुढे दम संपतो. त्र्यंबकहून मोखाड्याकडे तोरंगण घाट उतरताना थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून असं फटाफट फुटतं की रस्त्याकडेच्या म्हशीसुद्धा वळून बघतात. प्लग काढला तर पोर्सेलिन पांढरंफटक.

हुचके चालू असतानाच एकदा चोक अर्धा ओढून बघितला. गाडी तिथल्या तिथे सरळ चालायला लागली. म्हणजे मिक्स्चर लीन आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) एवढं नक्की. कशामुळे, ते कळत नाहीये. कार्बखालची वाटी, म्हणजे बाऊल, उघडला तर मेन जेटवर (पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक) ११० आहे, पण भिंगातून भोकाच्या काठावर ओरखडे दिसतात. इथल्या एका गॅरेजवाल्याने तर "तार मारून भोक मोठं करून देतो, शंभर रुपये द्या" म्हणून पानाच सरसावला. नको म्हटलं.

आता दुसरी भानगड. जूनच्या शेवटी मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे स्पितीला जायचं ठरतंय. तिथे हवा विरळ, म्हणजे कार्बची गाडी रिच (पेट्रोल जास्त) होणार. मित्र म्हणतो, आत्ता लीन आहे ना, मग हात लावू नकोस, वर गेल्यावर आपोआप बरोबर होईल. मला पटत नाही, पण खोडून काढायला आकडे नाहीत.

तर विचारायचं असं: कोणी कधीच न उघडलेला इम्पल्सचा कार्ब पाहिलाय का, त्यात मेन आणि पायलट (कमी थ्रॉटलच्या) जेटचे नंबर काय होते? कोन फिल्टर ठेवून हे जमेल का? आणि निडलखाली (पेट्रोलची वाट कमीजास्त करणारी सुई) वॉशर घालतात म्हणे, ते आधी करायचं की जेट?

जुना फिटर
दादा, जेटला आत्ताच हात लावू नका. एवढ्या जुन्या गाडीत लीन म्हटलं की माझा पहिला संशय कार्ब आणि हेडच्या मधल्या रबरी मॅनिफोल्डवर. बाहेरून ठणठणीत दिसतो, वाकवला की आतून भेगा. इंजिन थंड असताना चालू करून आयडलवर ठेवा आणि जोडावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आरपीएम हलला तर तिथून हवा खातेय. तापलेल्या इंजिनावर हा खेळ नको, क्लीनर पेट घेतो.

मग डायफ्राम. कार्ब हातात घेऊन, वरचं झाकण लावलेलं असताना स्लाइड (डायफ्रामला जोडलेला वरखाली सरकणारा भाग) वर ढकला, तिच्या तळाचं बारीक भोक बोटाने दाबा आणि स्लाइड सोडा. जागेवर धरून राहिली किंवा अगदी सावकाश आली तर ठीक. टपकन पडली तर रबराला छिद्र आहे. डायफ्रामवर क्लीनर मारू नका, रबर फुगतं आणि मग ते खाचेत बसत नाही.

तो तार मारलेला जेट फेकून द्या. केहीनच्या नंबरात ११० म्हणजे १.१० मिमी भोक. तार फिरल्यावर आता ते किती आहे देव जाणे.

आणि मेन जेट जवळजवळ पाऊण थ्रॉटलच्या पुढे बोलतो. तुमचे हुचके पाव थ्रॉटलच्या आसपास आहेत, तिथे पायलट आणि निडलचं राज्य. मेन कितीही मोठा करा, ६० ला फरक पडणार नाही. उलट ८० च्या पुढे दम नाही ना, तो त्या मोठ्या भोकामुळेच असेल असं मला वाटतं. मोकळा सरळ रस्ता बघून थ्रॉटल पूर्ण पिळा आणि किंचित परत घ्या. गाडी उलट पुढे सरकली तर वर (पूर्ण थ्रॉटलला) लीन आहे, अडखळली तर रिच.

अर्धा चोक
कोन फिल्टर काढा. सीव्ही कार्बची स्लाइड आपण केबलने उचलत नाही, दाबातल्या फरकाने ती स्वतः उचलते. डायफ्रामच्या खालच्या बाजूला हवा एअर बॉक्सच्या बाजूने येते. बॉक्समध्ये ती शांत असते, उघड्या कोनवर वारा येईल तशी बदलते. मग ६० ला स्लाइड डुगडुगते आणि आपण जेट बदलत बसतो. शिवाय आपल्या धुळीत आणि आषाढातल्या पावसात कोन म्हणजे इंजिनाशी वैर. मोठा आवाज हा एकच फायदा, आणि तो वाहतूक पोलिसालाही ऐकू जातो.

दुसरं, ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे त्याच जेटमधून सात-आठ टक्के कमी पडतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते भरून काढतो, कार्बला कोण सांगणार? २०१२च्या कार्बचे जेट काही ई२० धरून निवडलेले नाहीत. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे १०५ वरून ११० केला तर जवळपास १० टक्के जास्त. एका पायरीचंच काम आहे, फार लांब जायची गरज नाही. आणि पांढऱ्या प्लगवर जास्त विसंबू नका, इथेनॉलवर प्लग तसाही फिकाच दिसतो. चोकची तुमची परीक्षा जास्त भरवशाची.

लालमाती
धन्यवाद दोघांनाही. बॉक्स परत बसवतो आणि मॅनिफोल्ड तपासतो. वॉशर आणि मिक्स्चर स्क्रूबद्दल कोणी सांगेल का? स्क्रूच्या तोंडावर धातूचं टोपण आहे.

जुना फिटर
स्क्रू स्लाइडच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: उघडला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, तिथे सगळं उलटं. टोपणाला बारीक भोक पाडून त्यात दुसरा स्क्रू रुतवून ओढा, ड्रिल आत घुसू देऊ नका. मग आधी स्क्रू आत फिरवत किती वेढे बसतात ते लिहून ठेवा. टेकला की थांबा, आवळला तर टोक कार्बमध्ये मोडून बसतं. काढताना आतून स्प्रिंग, वॉशर आणि मोहरीएवढी ओ-रिंग येते. ती ओ-रिंग आतच चिकटून राहते किंवा फरशीवर पडून हरवते, आणि मग तिथूनही हवा. खाली पांढरं फडकं अंथरून बसा.

निडलला खाचा नसतील तर ३ मिमी स्क्रूचा पातळ वॉशर तिच्या डोक्याखाली. अर्धा मिमी जाडीचा एकच. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे मिळतो. पण आधी स्क्रू पाव-पाव वेढा उघडून बघा, वॉशर त्यानंतर. दोन्ही एकदम केलंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पाचवा गिअर
मित्राच्या सल्ल्याचे आकडे मी देतो. नाशिक साधारण ६०० मीटरवर, कुंझुम साडेचार हजारांच्या वर. तिथे हवेची घनता आपल्या जेमतेम दोन तृतीयांश. कार्ब घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने रिच होतो, म्हणजे कागदावर सुमारे २० टक्के. सीव्ही असल्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी जाणवेल. तेव्हा मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये, पण तो घाटमाथ्यावरच्या काही तासांचं बोलतोय. त्याआधी मनालीपर्यंत मैदानातल्या जूनच्या उन्हात लीन इंजिन तासन्‌तास पळणार. एअर-कूल्ड १५० सीसीला सामानासकट ते झेपत नाही, पिस्टनवर येतं.

इथलं सेटिंग इथे बरोबर करा. सोबत एक-दोन पायऱ्या लहान मेन जेट न्या, वर गाडी फारच गुदमरली तर स्क्रू पाव वेढा आत घ्या आणि आयडल वाढवा. ताकद मात्र तिथे एक तृतीयांशाने जाणारच, ती कुठल्याही जेटने परत येत नाही. पहिल्यात चढायची तयारी ठेवा.

लालमाती
बॉक्स बसवला. मॅनिफोल्डवर फवारा मारला, आरपीएम ढिम्म. स्लाइडही सावकाश उतरते. हुचके बरेच कमी झालेत, स्क्रू अर्धा वेढा उघडल्यावर ६० ला आता चोक ओढावासा वाटत नाही. घाटात फुटणं थोडं आहे अजून. थ्रॉटल परत घेतल्यावर गाडी अडखळते, म्हणजे वर रिच, फिटरकाकांचा अंदाज बरोबर. आता नवा मेन जेट कोणत्या नंबरचा आणू, तेवढंच अडलंय.

अर्धा चोक
माझ्या मेव्हण्याची इम्पल्स कोकणात पडून आहे, कार्ब कधी उघडलेला नाही. रविवारी जातोय, दोन्ही नंबर वाचून इथे टाकतो. तोवर बाजारातला कुठलाही बिननावाचा जेट सेट घेऊ नका, त्यांचे नंबर आणि भोकं यांचा मेळ नसतो. आणि बाऊलचे स्क्रू जपानी पद्धतीचे असतात, साध्या चौफुलीने डोकी झिजतात. जेआयएसचा स्क्रूड्रायव्हर मागून घ्या.