सिग्नलच्या हिशेबात सायकल

पत्र पहिले : टिळकवाडी, बेळगावहून

मंडळाच्या देशोदेशीच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात मुलाकडे कॅलिफोर्नियात मुक्काम असताना मी रोज सकाळी सायकलने फिरायला जात असे. तेथील एका उपनगरात आडरस्त्यावरून मुख्य रस्त्याला लागताना सिग्नल लाल असे, आणि माझ्या मागे एखादी मोटार येऊन उभी राहीपर्यंत तो लालच राही. मुख्य रस्ता पूर्ण मोकळा असला तरी हिरवा दिवा त्यालाच मिळत राही. मुलाने सांगितले की तेथे रस्त्याखाली वाहन ओळखणारी तार पुरलेली असते, तिला मोटार हमखास कळते, सायकल मात्र कळतेच असे नाही.

हा विषय आपल्यापुढे मांडण्याचे कारण बेळगावशी संबंधित आहे. आपण लहानपणापासून पाहत आलो ते सिग्नल बहुतांशी ठरावीक सेकंदांवर चालणारे. त्यांच्यापुढे सायकल उभी असो वा मालमोटार, पाळी आली की दिवा हिरवा होतो. आता वाहनांची गर्दी पाहून आपली वेळ आपणच ठरवणारे सिग्नल देशातील मोठ्या शहरांत आलेले आहेत. २०१६ साली केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेतील पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव आले, तेव्हा अशी यंत्रणा पुढेमागे आपल्या प्रत्येक चौकात येईल असे धरून चालणेच शहाणपणाचे आहे. पहिली पाळी गाठण्यासाठी येळ्ळूर, मजगाव, अनगोळ या बाजूंनी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत सायकलने येणारा कामगार, शहापूर-वडगावातून सूत आणि साड्यांची गाठोडी कॅरिअरला बांधून नेणारा विणकर आणि शिकवणीला निघालेली शाळकरी मुले या यंत्रणेला दिसतील का, ही काळजी मला मनापासून वाटते. वाहतूक नियंत्रणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या सभासदांनी यातील तांत्रिक बाजू समजावून सांगावी, ही विनंती.

आपला,
टिळकवाडीतील एक ज्येष्ठ सभासद


पत्र दुसरे : कॅलिफोर्नियाहून

आदरणीय काका, सा. न.

माझे माहेर वडगावचे आणि गेली बरीच वर्षे माझे काम सिग्नल नियंत्रणाचेच असल्यामुळे आपल्या पत्राला सविस्तर उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजते.

पुष्कळांचा असा समज असतो की रस्त्याखालची तार वाहनाचे वजन मोजते, किंवा तिला फक्त लोखंड कळते. दोन्ही खरे नाही. डांबरात करवतीने बारीक खाच पाडून तिच्यात तारेचे तीन-चार वेढे बसवतात. हे वेटोळे साधारणपणे प्रत्येक बाजूला १.८ मीटर असते आणि त्यातून १० ते २०० किलोहर्ट्झ या पट्ट्यातील विद्युत्प्रवाह सतत फिरत असतो. वीज वाहून नेणारा कोणताही धातू त्या वेटोळ्याच्या क्षेत्रात आला की त्या धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युत्प्रवाह, निर्माण होतात, त्यामुळे वेटोळ्याचे प्रेरकत्व (इंडक्टन्स) घटते आणि आंदोलनाची वारंवारता वाढते. चौकाच्या कडेला असलेल्या पेटीतील उपकरण हा फरक टिपते आणि ‘या बाजूला कोणीतरी उभे आहे’ अशी नोंद करते. म्हणूनच ॲल्युमिनिअमची सायकलही कळू शकते, आणि सायकलीला लोहचुंबक बांधण्याच्या ज्या युक्त्या सांगितल्या जातात त्यांचा काही उपयोग होत नाही.

मग सायकल का सुटते? मोटारीचा रुंद, सपाट तळ रस्त्यालगत आडवा पसरलेला असतो, त्यामुळे तिचा परिणाम मोठा होतो. मालमोटारीचा तळ उंच असल्याने तिचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी होतो, ही गोष्ट या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना नेहमी नवल वाटायला लावते. सायकलीच्या बाबतीत खरे काम करतात त्या तिच्या चाकांच्या धावा (रिम), कारण प्रत्येक धाव म्हणजे धातूचे एक बंद कडे असते. हे कडे उभे असते. वेटोळ्याच्या मधोमध चुंबकीय रेषा खालून वर सरळ जातात, म्हणजे कड्याला समांतर असतात, त्याच्या आतून जातच नाहीत, आणि तेथे उभी असलेली सायकल जवळजवळ नसल्यासारखीच असते. याउलट तारेच्या बरोबर वर त्या रेषा आडव्या वळलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही चाके खाचेच्या रेषेवर तिला धरून ठेवली तर त्या रेषा कड्यातून आरपार जातात आणि उपकरणाला सायकल स्पष्ट कळते. काका, आपल्याला तो सिग्नल नेमका कशामुळे मिळाला नाही हे मी येथून सांगू शकत नाही, परंतु पुढच्या वेळी डांबरातील ती खाच शोधून चाके तिच्यावर ठेवून पाहावीत. आपली जुनी २८ इंची पोलादी धावांची सायकलही या कसोटीला उतरण्यासारखी आहे, तिच्यात कसलीही उणीव नाही.

उणीव असलीच तर ती बहुधा पेटीतील उपकरणाची संवेदनशीलता बेताची ठेवण्यात असते. ती वाढवली तर शेजारच्या रांगेतील मोटारही मोजली जाण्याची भीती असते, म्हणून तंत्रज्ञ ती खालीच ठेवतो, आणि सायकलस्वाराची तक्रार आल्याशिवाय कोणी पुन्हा ती पेटी उघडत नाही. यावर खरा उपाय वेटोळ्याच्या आकारात आहे. कॅलिफोर्नियात ‘डी’ प्रकारचे म्हणून जे वेटोळे वापरतात, त्याच्या तारा तिरप्या असल्यामुळे सायकल त्यावर कोठेही उभी राहिली तरी कोणती ना कोणती तार तिच्या चाकाजवळ येते, आणि शेजारच्या रांगेतील वाहनाचा त्रासही कमी होतो. तंत्र उपलब्ध होते, तरी ते वापरण्याची सक्ती करण्यासाठी कायदा करावा लागला. २००७ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असा कायदा केला की वाहन पाहून चालणारा सिग्नल नव्याने बसवताना किंवा त्याचे वेटोळे बदलताना, शक्य असेल तेथवर, त्याला सायकल आणि मोटारसायकल ओळखता आली पाहिजे. या कायद्यापूर्वी बसवलेले सिग्नल मात्र बदलले जाईपर्यंत तसेच राहतात.

अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यात ४५ सेकंद थांबूनही दिवा बदलला नाही तर सायकलस्वाराला खबरदारी घेऊन लाल दिव्यावरही पुढे जाण्याची मुभा कायद्याने दिली आहे. ही वाट बेळगावसाठी मी मुळीच सुचवणार नाही. आपल्या चौकांत चारही बाजूंनी रिक्षा, दुचाकी आणि बसगाड्या येत असताना सर्वांत असुरक्षित माणसाला लाल दिव्यावर पुढे जायला सांगणे म्हणजे यंत्राच्या दोषाची किंमत त्याच्याकडून वसूल करणे होय.

आपली,
वडगावची माहेरवाशीण


पत्र तिसरे : उद्यमबाग, बेळगावहून

आदरणीय काका आणि ताई, नमस्कार.

ताईंचे पत्र आमच्या कारखान्यातील मंडळींना मी वाचून दाखवले. लेथवर काम करणाऱ्या माणसाला भोवरी प्रवाह समजावून सांगावे लागत नाहीत, त्यामुळे चर्चा पुष्कळ झाली. त्यातून निघालेले मुद्दे येथे मांडतो.

तारेचे वेटोळे आपल्याकडे टिकेल असे मला वाटत नाही. जलवाहिनी, गटार, केबल यांपैकी कशासाठी तरी रस्ता वर्षाआड खोदला जातो, आणि डांबराचा थर खरवडून नवा घालतानाही तार तुटते. त्याहून मोठी अडचण अशी की आपला सायकलस्वार रांगेच्या मधोमध उभा राहतच नाही. तो डाव्या कडेला, पुष्कळदा डांबर संपून माती सुरू होते तेथे, एक पाय जमिनीवर टेकून थांबतो, आणि दुचाकीवाले थांबारेषा ओलांडून पुढे गेलेले असतात. मोटारींच्या रांगा गृहीत धरून पुरलेली तार या दोघांपैकी कोणालाच धड मोजू शकणार नाही.

त्यामुळे आपल्याकडे कॅमेराच येईल असे मी धरून चालतो. वाहतुकीनुसार बदलणाऱ्या सिग्नलसाठी तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने ‘कॉसिकॉस्ट’ नावाची प्रणाली भारतातील मिश्र वाहतूक लक्षात घेऊनच तयार केली, म्हणजे या प्रश्नाची जाण आपल्या देशात नाही असे नव्हे. कॅमेऱ्याच्या चित्रावर ज्या चौकटी आखतात, त्या चौकटींत जे येईल तेच मोजले जाते. डाव्या कडेची, मातीपर्यंतची पट्टी चौकटीत घेतलीच नाही तर अत्यंत महागडा कॅमेरासुद्धा सायकलस्वाराला सोडून देईल. चौकट बरोबर आखली तरी बसगाडी मध्ये आली की मागची सायकल झाकली जाते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस कसा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी ओल्या डांबरावर दिव्यांचे झोत चमकतात, सायकलस्वार डोक्यापासून गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला असतो आणि त्याच्या सायकलीला दिवा नसतो. पहिल्या पाळीची वेळ म्हणजे नेमकी हीच अंधारी, ओली वेळ. कंपनीचा माणूस चाचणी घ्यायला येतो तो मात्र दुपारी बारा वाजता, स्वच्छ उन्हात.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या बाजूने सायकली अधिक येतात, त्या बाजूला कॅमेऱ्याला काही दिसो वा न दिसो, प्रत्येक फेरीत थोडा वेळ तरी हिरवा दिवा मिळालाच पाहिजे. ठरावीक सेकंदांच्या जुन्या सिग्नलला आपण मागासलेला म्हणतो, पण त्याने गरीब माणसाची पाळी कधी चुकवली नाही. नव्या यंत्राने निदान एवढे तरी जपावे. तसे करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, हे ताईंनी सांगावे.

आपला,
उद्यमबागेतील एक कारखानदार


पत्र चौथे : टिळकवाडीहून

सर्वांस नमस्कार.

दोन्ही पत्रांतून मला पुष्कळ शिकायला मिळाले. त्यांच्या आधारे महानगरपालिकेला आणि वाहतूक पोलिसांना द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा मी तयार करीत आहे. यंत्र बसवून झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा निविदेतच अट घालून घेणे श्रेयस्कर, कारण निविदेत नसलेली गोष्ट नंतर कोणी फुकट करून देत नाही. अट अशी असावी की प्रत्येक चौकात, प्रत्येक बाजूने, एकटी सायकल डाव्या कडेला उभी करून चाचणी घ्यावी. ती एकदा उजेडात, एकदा पहाटेच्या अंधारात आणि एकदा पाऊस सुरू असताना व्हावी, आणि त्यांपैकी एकाही वेळी सायकल सुटली तर त्या चौकाचे बिल अदा होऊ नये.

सायकलस्वाराने कोठे थांबावे हे दाखवणारे चिन्हही रस्त्यावर रंगवावे, असे मी त्यात लिहीत आहे. अमेरिकेत सायकलचे छोटे चित्र आणि वर-खाली एकेक उभी रेघ अशी खूण वेटोळ्यावर असते, ती मी तेथे पाहिली. आपल्या शहरात फलक कोणत्या भाषेत असावा यावरून किती काळ आणि किती शक्ती खर्ची पडते हे आपण सर्व जाणतोच. चित्र मात्र मराठी कामगाराला आणि कन्नड विद्यार्थ्याला सारखेच कळेल, आणि ते रंगवायला कोणाचीही हरकत असू नये.

विद्यार्थ्यांचा उल्लेख मी मुद्दाम करतो. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली, आणि खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील कितीतरी मुली त्यामुळे हायस्कूलपर्यंत पोहोचू शकल्या. ज्या शासनाने सायकल हाती दिली, त्याच शासनाच्या पैशातून उभा राहणारा सिग्नल त्या सायकलीला ओळखत नसेल, तर हे निवेदनात ठळकपणे लिहिलेच पाहिजे.

एक शंका उरते. दिवा हिरवा झाला तरी तो किती सेकंद टिकला म्हणजे सायकलस्वार सुखरूप पलीकडे पोहोचतो?

आपला,
टिळकवाडीतील सभासद


पत्र पाचवे : कॅलिफोर्नियाहून

आदरणीय काका आणि दादा,

दादांनी सुचवलेली सोय सिग्नल चालवणाऱ्या नियंत्रकात असतेच. एखाद्या बाजूला कोणी उभे असल्याची नोंद नसली तरी प्रत्येक फेरीत किमान हिरवा वेळ द्यावा, अशी आज्ञा त्यात कायमची घालून ठेवता येते. संवेदक (वाहन ओळखणारे उपकरण) बिघडला असतानाही तंत्रज्ञ हाच मार्ग वापरतात. ही अट निवेदनात अवश्य घालावी.

वेळेविषयीची आपली शंका अतिशय महत्त्वाची आहे. सायकल ओळखली, दिवा दिला आणि ती चौकाच्या मध्यावर असतानाच आडव्या वाहतुकीला सोडले, तर न ओळखण्यापेक्षाही ते घातक ठरते. कॅलिफोर्नियात किमान हिरवा, पिवळा आणि त्यानंतर चहूकडे लाल असलेला क्षण मिळून किती वेळ असावा याचा हिशेब असा करतात : निघण्यासाठी ६ सेकंद, आणि नंतर चौकाची रुंदी व सायकलीची लांबी मिळून होणारे अंतर ताशी सुमारे १६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार मीटर वेगाने कापायला लागणारा वेळ. चौक ३० मीटर रुंद असेल तर ही बेरीज सुमारे १३ सेकंद होते. गाठोडी किंवा दुधाचे कॅन लादलेली सायकल आणि चढावर असलेला चौक यांसाठी मी स्वतः यात आणखी काही सेकंद धरीन.

निवेदनाला जोडण्यासाठी आरपीडी चौक, गोवावेस आणि उद्यमबागेकडे वळणारे चौक यांची रुंदी आपण मोजून पाठवावी, म्हणजे प्रत्येक चौकाचे सेकंद मी मांडून देते. रुंदी थांबारेषेपासून पलीकडच्या बाजूच्या शेवटच्या रांगेच्या कडेपर्यंत धरावी. मोजमाप रविवारी सकाळी लवकर, वाहतूक पोलिसांना सांगून आणि शक्यतो दोघांनी मिळून टेपने करावे.

आपली,
वडगावची माहेरवाशीण