नाताळच्या भेटवस्तूंसाठी चमकी कागदाला पर्याय सुचवावेत

वानवडीकर यांचा प्रश्न

सस्नेह नमस्कार.

आमच्या सोसायटीत नाताळच्या आदल्या संध्याकाळी मुलांना भेटी वाटण्याची प्रथा आहे. ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच असली तरी कार्यक्रम सर्व इमारतींचा असतो, आणि यंदा भेटी बांधून सजवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. भेटी चाळीसेक असून त्यांत बहुतांशी पुस्तके आहेत. त्याशिवाय काही रंगपेट्या, स्टीलचे डबे, दोन-तीन फुटबॉल आणि प्रत्येक मुलासाठी केकचा एक तुकडा आहे.

आजवर आमच्याकडे रविवार पेठेतून घाऊक दराने चमकी कागद, प्लॅस्टिकच्या रिबिनी आणि चिकटवायची तयार फुले आणली जात. मुले कागद फाडतात, अर्ध्या तासात कोपऱ्यात ढीग साचतो. गेल्या वर्षी कचरा नेणाऱ्या ताईंनी तो सुक्या कचऱ्यातून वेगळा काढला आणि हा माल भंगारवाला घेतच नाही, असे सांगितले. त्या रोज आमच्या दारी येतात, आणि ज्याचे काहीच होऊ शकत नाही असे ओझे आपण त्यांच्या हाती द्यावे, हे मला पटत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. कागद खरोखर कागद आहे की नाही, हे दुकानातच कसे ओळखावे? घरात असलेल्या वस्तूंतून मुलांना आवडेल असे काय करता येईल? चिकटपट्टीशिवाय भेट नीट बांधता येते का? खर्च वाढू नये आणि भेट उघडण्याचा आनंदही कमी होऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

कागदवेडा यांचे उत्तर

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. कागदाचा कोपरा मुठीत घट्ट चुरगाळावा आणि मूठ उघडावी. तो चुरगाळलेलाच राहिला तर बहुधा कागद आहे, आणि हळूहळू उलगडून पुन्हा सरळ होऊ लागला तर ती प्लॅस्टिकची पातळ फिल्म आहे. सोनेरी-चंदेरी आरशासारखी चमक असलेल्या तावांत बहुतेक वेळा प्लॅस्टिकवर अॅल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. हे थर वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला गिऱ्हाईक नाही. दुसरी चाचणी कडा फाडून पाहण्याची. कागदाची कड तंतुमय फाटते, फिल्म आधी ताणली जाते.

कागदावर चमचमती भुकटी लावलेली असेल तर तो कागद असूनही घेऊ नये. ती भुकटी प्लॅस्टिकचीच असते, हाताला लागते, मोरीतून वाहून जाते आणि नदीत पोहोचते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून अशा सुट्या प्लॅस्टिक भुकटीच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

कचरा नेणाऱ्या ताईंच्या बोलण्यामागचे कारणही लक्षात घ्यावे. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करते. या सभासदांना घरटी मिळणाऱ्या शुल्काबरोबरच सुका कचरा विकून येणाऱ्या पैशाचा मोठा आधार असतो. म्हणजे आपण कोरडा, सपाट, चिकटपट्टी नसलेला कागद दिला तर त्यांच्या पदरात काही पडते, आणि चमकी फिल्म दिली तर नुसते वजन वाहावे लागते.

शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा उल्लेख राहू नये. १९४० पासूनची ही संस्था सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करते. चाळीस भेटींना तो महाग पडेल, पण नावाच्या चिठ्ठ्यांसाठी एखादा ताव घेतला तर पुरून उरेल.

गुरुवार पेठ यांचे उत्तर

आमचे घर मराठी ख्रिस्ती आहे आणि पंच हौदाच्या परिसरात आमच्या काही पिढ्या गेल्या. नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या असा फराळ आम्ही शेजारी पाठवतो. तो कोणी कागदात गुंडाळत नाही. डबा भरायचा, स्वच्छ कापडात बांधायचा आणि धाकट्यांच्या हाती द्यायचा, एवढाच रिवाज आहे. डबा आणि कापड दोन्ही परत येतात आणि डबा कधी रिकामा येत नाही. त्यामुळे आपल्या स्टीलच्या डब्यांना कागदाची गरज मुळीच नाही, असे माझे मत आहे.

कापड कोठून आणायचे, असे आपण विचाराल. प्रत्येक मराठी घरातील कपाट उघडून पाहावे. हळदीकुंकू, ओटी, मुंज, वास्तुशांत यांतून आलेले ब्लाउजपीस तेथे वर्षानुवर्षे पडून असतात, आणि त्यांतील बरेचसे शिवले न जाता एका घरून दुसऱ्या घरी फिरत राहतात. सोसायटीत आवाहन केले तर चाळीस कापडे एका दिवसात जमतील. साधारण ऐंशी सेंटिमीटरचा तुकडा पुस्तकाला, डब्याला आणि रंगपेटीला पुरतो. कर्णाची लांबी वस्तूच्या सर्वांत लांब बाजूच्या सुमारे तिप्पट असली की गाठ नीट बसते, हा ठोकताळा ध्यानात ठेवावा.

कापड समोर तिरके ठेवावे, म्हणजे एक टोक आपल्याकडे येईल. पुस्तक मधोमध आडवे ठेवून आपल्याकडचे टोक त्यावर टाकावे आणि पुस्तकाखाली खोचावे. समोरचे टोकही तसेच वर ओढून घ्यावे. मग डावे-उजवे टोक घट्ट ओढून त्यांची सपाट दुहेरी गाठ मारावी. पहिल्या वेढ्यात उजवे टोक डाव्यावरून नेले असेल तर दुसऱ्या वेढ्यात तेच टोक डावीकडून येताना पुन्हा वरूनच न्यावे लागते, तसे केले नाही तर गाठ आडवी न बसता उभी राहते आणि सैल पडते. गाठीची दोन टोके पानांसारखी उलगडून ठेवली की वेगळे फूल लागत नाही. फुटबॉलला मात्र समोरासमोरची टोके दोनदोन बांधावीत, म्हणजे वर धरायला मूठ तयार होते.

जपानमध्ये अशा कापडाला फुरोशिकी म्हणतात. २००६ मध्ये तेथील तत्कालीन पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी वापरलेल्या प्लॅस्टिक बाटल्यांपासूनच्या धाग्याचे फुरोशिकी करवून घेऊन या पद्धतीचा प्रचार केला होता. आपल्याला धागाही नवा काढावा लागणार नाही.

चित्रकला शिक्षिका यांचे उत्तर

पुस्तकांसाठी मी जुन्या भिंतीवरच्या दिनदर्शिका सुचवेन. डिसेंबरअखेर प्रत्येक घरात अकरा पाने मोकळी झालेली असतात. कोरी किंवा फिकट छपाईची बाजू बाहेर ठेवावी. दिवाळी अंक मात्र कृपया फाडू नयेत, ते वाचनालयात द्यावेत.

सजावट मुलांकडूनच करून घ्यावी. भेंडी आडवी कापली की पाच कोनांची चकती मिळते, आणि ती घट्ट कालवलेल्या पोस्टर रंगात टेकवून कागदावर उमटवली की नाताळच्या चांदणीसारखी दिसते. रंग पातळ असेल तर आतील बियांच्या खणांची नक्षी पुसट होते, म्हणून आधी भेंडी फडक्यावर टिपून घ्यावी. दिनदर्शिकेऐवजी वापरलेला खाकी कागद मुलांना रुचणार नाही, अशी शंका मनात असेल तर लाल आणि पांढऱ्या रंगात उमटवलेल्या चांदण्यांचा खाकी कागद त्यांच्यासमोर ठेवून पाहावा. स्वतःच्या हातचा ठसा असलेली भेट दुसऱ्याला देताना मुलांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

चिकटपट्टीऐवजी खळ वापरावी. दोन चमचे मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, एकूण वाटीभर पाणी करून मंद आचेवर सतत ढवळावे आणि मिश्रण पारदर्शक दिसू लागले की उतरवावे. पुस्तकबांधणी करणारे तीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्याने मुलांच्या कामात घालू नये. आजची खळ आजच संपवावी. ती पातळ पसरावी, नाहीतर कागद सुरकुततो. खरे तर किराणा दुकानातील पुडी जशी दोऱ्याच्या चार वेढ्यांत बांधली जाई, तशी सुतळी बांधली तर खळही लागत नाही.

केकबद्दल एक सावधगिरी बाळगावी. वर्तमानपत्राच्या शाईचा अन्नाशी संपर्क येऊ देऊ नये, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बजावले आहे. पळसाच्या पानांचे द्रोण घ्यावेत, पण आतून चंदेरी अस्तर असलेले नकोत.

सहकारनगर यांचे उत्तर

वरील सर्व सूचना उत्तम आहेत, तरी एक आग्रह मांडतो. 'पर्यावरणपूरक' अशी पाटी लावून विकले जाणारे नवे खाकी कागद, नव्या ज्यूटच्या पिशव्या आणि नवी सुती कापडे यांचा मोह टाळावा. कापूस पिकवायला पाणी आणि खते लागतात, कागदाला लगदा आणि वीज लागते. एकदाच वापरायचे नवे कापड साध्या कागदापेक्षा निसर्गाला महाग पडू शकते. जे घरात पडून आहे तेच आधी वापरावे, आणि कमी पडले तरच विकत घ्यावे.

वानवडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुस्तकांसाठी दिनदर्शिका आणि भेंडीचे ठसे, डबे, रंगपेट्या व फुटबॉल यांसाठी ब्लाउजपीस, केकसाठी द्रोण, असे ठरवले आहे. एकच शंका उरते. कापडे परत कशी मिळवावीत? मुलांकडून मागून घेणे बरे दिसेल का?

गुरुवार पेठ यांचे उत्तर

मागू नयेत. वाटप संपताना झाडाजवळ एक टोपली ठेवावी आणि ज्यांना कापड नको असेल त्यांनी घडी करून तीत टाकावे, एवढेच जाहीर करावे. ज्या मुलीला रंग आवडला ती ते बाहुलीसाठी घरी नेईल आणि तो त्या कापडाचा उत्तम वापर आहे. टोपलीत जमलेली कापडे धुऊन सोसायटीच्या कपाटात ठेवली की पुढील महिन्यात संक्रांतीचे वाण बांधायला उपयोगी पडतील.